कार्यालयात जुळलेले नाते: विचारण्यापूर्वी, जुळल्यावर आणि तुटल्यावर काय करावे

पुण्याच्या परिसरातील दोन कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत मिळून मी एकोणीस वर्षे काम केले आणि त्यांतली काही वर्षे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवरही होते. सहकाऱ्यांमधल्या प्रेमसंबंधांची जी प्रकरणे या काळात माझ्या टेबलावर आली, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ प्रेमात नव्हते, एका सहीत होते. एका गटप्रमुखाचे त्याच्याच गटातल्या अभियंता मुलीशी सूत जुळले. दोघेही अविवाहित होते, दोघांचीही मनापासून संमती होती आणि घरच्यांनाही कल्पना होती. मार्चअखेरीस त्याने तिचे वार्षिक मूल्यमापन भरले, सर्वांत वरची श्रेणी दिली आणि खाली सही केली. पुढे चौकशीच्या निमित्ताने मी तिचे वर्षभराचे काम पाहिले, तेव्हा ते खरोखरच त्या श्रेणीचे असल्याचे दिसले; पण गटातल्या कोणालाही ते पटवून देणे आता शक्य नव्हते आणि वर्षभरात तिने नोकरी सोडली. जानेवारीत ते दोघे माझ्याकडे आले असते, तर तिचे मूल्यमापन दुसऱ्या व्यवस्थापकाकडे वळवायला मला दहा मिनिटेही लागली नसती.

म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीवर मी एकच प्रश्न विचारणार आहे: या दोघांपैकी एकाची सही दुसऱ्याच्या पगारावर, रजेवर, बिलावर किंवा कामाच्या तपासणीवर होते का? दोन सज्ञान सहकाऱ्यांनी एकमेकांवर प्रेम करू नये असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. खाजगी कंपन्यांत त्याबाबत जे काही नियम असतात, ते त्या कंपनीच्या आचारसंहितेत असतात आणि त्यांचा रोख बहुधा नाते लपवण्यावर आणि वरिष्ठ-कनिष्ठ नात्यावर असतो.

विचारण्यापूर्वी: सहीची रेघ तपासा

मनातली गोष्ट बोलून दाखवण्याआधी तुमचे आणि त्या व्यक्तीचे कामातले नाते कागदावर मांडून पाहा. थेट हाताखालची व्यक्ती असेल तर उत्तर उघड आहे, परंतु अधिकार नेहमी पदांच्या तक्त्यात दिसतोच असे नाही. बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा मंजूर करतो. मेकर आणि चेकर या दोन खुर्च्यांवर प्रेमी जोडपे बसले, तर दोघांनी कितीही सचोटीने काम केले तरी तपासणीचा अर्थ उरत नाही. कारखान्यात खरेदी आणि भांडार, किंवा उत्पादन आणि गुणवत्ता तपासणी, यांचे नाते असेच असते. महाविद्यालयात संशोधन मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यात तर अधिकाराची दरी इतकी खोल असते की मार्गदर्शन चालू असताना असे नाते सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीचा पर्यवेक्षक आणि ठेकेदाराकडची कामगार स्त्री यांच्यात कागदोपत्री कोणताही संबंध नसतो. पण तिचा गेटपास उद्या चालू राहील की नाही हे त्याच्या एका फोनवर अवलंबून असते. ही न दिसणारी सही सर्वांत धोक्याची असते, कारण ती काढून घेण्यासाठी कोणताही अर्ज उपलब्ध नसतो.

अशी रेघ आढळली आणि अधिकाराची बाजू तुमची असेल, तर आधी विभाग किंवा रिपोर्टिंग बदलून घ्या आणि मगच बोला. यात चारसहा महिने जातील. हाताखालच्या माणसाला नकार देताना आपल्या नोकरीचा विचार करावा लागतो, हे ज्याला समजते त्याला ही वाट पाहणे जड वाटू नये.

त्याच वेळी आपले नियुक्तीपत्र आणि आचारसंहिता वाचून काढा. कार्यालयातील नात्यांची माहिती देण्याचे कलम काही ठिकाणी हितसंबंधांच्या संघर्षाखाली असते, तर काही ठिकाणी नातेवाइकांच्या नेमणुकीच्या नियमांत. तुमच्या कंपनीत ते नसेल, तरीही सहीचा प्रश्न शिल्लक राहतोच.

विचारताना: एकदाच, आणि नकार ओळखता यावा

विचारण्याची जागा अशी असावी की समोरच्या व्यक्तीला सहज उठून जाता येईल. कंपनीच्या गाडीत रात्री परतताना, बाहेरगावच्या दौऱ्यावर हॉटेलात, किंवा पाळी संपताना मजल्यावर दोघेच उरलेले असताना हा विषय काढू नये. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने दिलेले वाहन हीदेखील कामाची जागाच मानली आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. कार्यालयाच्या चॅटवर विचारू नये आणि मधल्या मित्राकरवी तर मुळीच विचारू नये, कारण असा निरोप पोचण्याआधी सगळ्या मजल्यावर पसरतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. आपल्याकडची कनिष्ठ कर्मचारी आपल्या साहेबांना तोंडावर ‘नाही’ असे क्वचितच म्हणते. ती ‘बघते सर’ म्हणते, ‘सध्या घरी खूप टेन्शन आहे’ म्हणते, हसून विषय बदलते, किंवा दुसऱ्या दिवसापासून डबा खायला वेगळ्या टेबलावर बसू लागते. ही सगळी नकाराचीच रूपे आहेत. समितीपुढे आलेल्या पुरुषांपैकी अनेकांनी ‘ती कधी स्पष्ट नाही म्हणालीच नाही’ असे सांगितले आणि त्यांतले काही जण खरे बोलत होते असे मला वाटते. तरीही त्यांचे चुकलेच, कारण हो आल्याशिवाय पुढे जायचे नसते. उत्तर ‘हो’ नसेल, तर विषय तिथेच संपवावा आणि दुसऱ्या दिवशी कामाचे वागणे पूर्वीसारखेच ठेवावे. बैठकीच्या निमंत्रणातून तिचे नाव गळणे किंवा माहिती उशिरा देणे हे नकाराचा सूड घेणे आहे, आणि कामात अडथळा आणणे किंवा वाईट वागणुकीची धमकी देणे या गोष्टी छळाच्या संदर्भात कायद्याने स्वतंत्रपणे नमूद केल्या आहेत. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दाखवूनही तिचा पाठलाग करणे किंवा तिच्याशी वारंवार संपर्क साधत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे आणि त्याला पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्या व्यक्तीला विचारले गेले आहे आणि जिला हे नको आहे, तिने शक्य असल्यास एक लहान लेखी संदेश पाठवावा: ‘मला आपल्यात फक्त कामाचे नाते ठेवायचे आहे. कृपया हा विषय पुन्हा काढू नये.’ कारणे देऊ नयेत, कारण प्रत्येक कारणावर समोरचा उपाय सुचवतो. संदेशाची प्रत जपून ठेवावी. त्रास चालूच राहिला, तर शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते आणि पुरेसे कारण असल्यास समिती ही मुदत आणखी 3 महिन्यांपर्यंत वाढवू शकते. 10 पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेत अशी समिती नसते. तिथे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हाही हाच मार्ग असतो. हा कायदा स्त्रियांच्या तक्रारींपुरता आहे. पुरुषांना आपल्या कंपनीच्या धोरणाचा आधार घ्यावा लागतो, म्हणून ते धोरण सर्वांना लागू होईल अशा शब्दांत लिहिलेले असणे आवश्यक आहे.

जुळल्यावर: कधी आणि कसे कळवावे

पहिल्या दोनचार भेटी झाल्या म्हणून कोणी कार्यालयाला पत्र लिहीत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. पण सहीची रेघ असेल तर वाट पाहण्याची मुभा नाही. पुढचा रजेचा अर्ज, पुढचे बिल किंवा पुढचे मूल्यमापन समोर येण्याआधी कळवले पाहिजे. रेघ नसेल, तर नाते स्थिरावले असे दोघांनाही वाटू लागले की कळवावे. कळवण्याचा निर्णय दोघांचा असावा. एकाने परस्पर जाऊन सांगितल्याने मोडलेली नाती मी पाहिली आहेत.

न कळवण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे सार्वजनिक नोंदींतून दिसते. आयगेट या माहिती तंत्रज्ञान कंपनीने मे 2013 मध्ये आपले मुख्याधिकारी फणीश मूर्ती यांना पदावरून दूर केले, तेव्हा हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेले नाते त्यांनी कंपनीला कळवले नाही हे कारण दिले होते. कंपनीच्या छळविरोधी धोरणाचा भंग तपासात आढळला नसल्याचेही त्याच वेळी सांगितले गेले होते. सप्टेंबर 2025 मध्ये नेस्लेने आपले जागतिक प्रमुख लॉरां फ्रेक्स यांना थेट हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेल्या न कळवलेल्या नात्यामुळे तडकाफडकी काढले. त्या पदावर येऊन त्यांना वर्षच झाले होते. इतक्या वरच्या खुर्चीला जो नियम लागू होतो, तो पाळी पर्यवेक्षकालाही लागू होतो.

कळवताना पत्र लहान ठेवा आणि त्यात प्रेमाची कहाणी न सांगता कामाची व्यवस्था मागा. उदाहरणार्थ: ‘आदरणीय मॅडम, मी आणि खरेदी विभागातील श्री. अमुक परस्परसंमतीने नात्यात आहोत. त्यांच्या विभागाची काही बिले सध्या माझ्याकडे तपासणीसाठी येतात. ती यापुढे अन्य सहकाऱ्याकडे द्यावीत आणि ही माहिती आवश्यक तेवढ्याच व्यक्तींपर्यंत मर्यादित राहावी, ही विनंती.’ दोघांनीही आपापले स्वतंत्र पत्र पाठवावे. त्यामुळे संमती दोन्ही बाजूंची आहे हे कागदावर येते आणि पुढे कोणाला शंका काढण्यास जागा राहत नाही.

काही जणांना हे सांगणे शक्य नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या कलम 377 वरील निकालाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, तरी समलिंगी जोडप्याला कार्यालयात उघड होणे आजही सोपे नाही. जातीबाहेर किंवा धर्माबाहेर नाते असलेल्या जोडप्यांनाही घरापर्यंत बातमी जाण्याची भीती असते. अशा वेळी नात्याचा उल्लेख न करता ‘या व्यक्तीच्या बाबतीत माझे वैयक्तिक हितसंबंध आहेत, म्हणून तिचे मूल्यमापन मी करू नये’ एवढे लिहून देता येते. समजूतदार मनुष्यबळ अधिकारी याहून खोलात जात नाही. सही बाजूला झाली की संस्थेचा प्रश्न सुटतो.

रोजचे वागणे

इथे फार सांगण्यासारखे नाही. एकत्र येणे-जाणे, एकत्र जेवणे यात काही गैर नाही. मात्र बैठकीत एकमेकांची री ओढणे आणि एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालणे टाळावे. दोघांनी एकाच दिवशी रजा टाकायची असेल तर लवकर कळवावी, म्हणजे गटावर अचानक बोजा पडणार नाही. एकमेकांचे पासवर्ड वापरू नयेत. ‘माझ्या लॉगिनवरून तेवढे मंजूर कर’ हे वाक्य सहज बोलले जाते, आणि पुढे तपासणीत तीच नोंद दोघांच्या नोकरीवर येते. दोघांपैकी एकाला पगारवाढ किंवा कपात यांची गोपनीय माहिती असेल, तर ती घरीही बोलू नये. कंपनीचे चॅट आणि मेल कंपनीच्या मालकीचे असतात, म्हणून खाजगी बोलणे खाजगी फोनवरच ठेवावे.

कुजबुज होईलच. चहाच्या टपरीवर तुमचा उल्लेख ‘त्यांचे लफडे’ असा होतो हे कानावर आले की राग येतो, पण तिथे जाऊन खुलासे देत बसू नये. चर्चा चरित्रावर घसरली, अश्लील विनोद सुरू झाले किंवा गटाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो फिरू लागले, तर मात्र ती कुजबुज राहत नाही. स्क्रीनशॉटसह लेखी तक्रार करावी.

एकाचे लग्न झालेले असेल तर

या विषयावर लोक मला दबक्या आवाजात विचारतात, म्हणून सरळ लिहिते. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केले, त्यामुळे ते आता फौजदारी प्रकरण नाही. घटस्फोटाचे कारण मात्र ते अजूनही आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू असतात आणि पती किंवा पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्यास नोकरीवर गंडांतर येऊ शकते. सैन्यदलांत तर असे नाते आजही शिस्तभंगाचा विषय ठरू शकते.

याहून महत्त्वाचे म्हणजे खोटे आश्वासन. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 नुसार, पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन, किंवा नोकरीचे अथवा बढतीचे खोटे आमिष दाखवून ठेवलेल्या शरीरसंबंधांसाठी 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘पुढच्या वेळी तुझी बढती मी बघतो’ हे वाक्य वरिष्ठाने नात्यात कधीही उच्चारू नये, आणि कनिष्ठाने ते ऐकले तर त्या नात्याकडे नव्याने पाहावे.

लग्न ठरल्यावर

विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न करायचे असेल, तर दोघांपैकी किमान एकाचे त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस दिल्यावर ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि 30 दिवस थांबावे लागते. लग्नाच्या वेळी 3 साक्षीदार लागतात. या महिनाभरात बातमी घरी पोचण्याची शक्यता धरूनच चालावे. कुटुंबाचा विरोध तीव्र असेल, तर मनुष्यबळ विभागाला आणि सुरक्षा प्रमुखाला विश्वासात घ्या. तुमची पाळी, गाडीचा मार्ग आणि सुटण्याची वेळ गेटवरून किंवा स्वागतकक्षातून कोणालाही, अगदी ‘मी तिचा मामा आहे’ म्हणणाऱ्यालाही, सांगितली जाऊ नये अशी लेखी सूचना देऊन ठेवणे फार उपयोगी पडते.

लग्नानंतर ‘दोघांपैकी एकाने सोडावे’ असे काही ठिकाणी सुचवले जाते आणि तो एक म्हणजे जवळजवळ नेहमी बायकोच असते. याचा मला मनापासून राग आहे. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या कामावरील स्त्रियांची नोकरी लग्न होताच संपत असे. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये अयोग्य ठरवला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच न्यायालयाने लग्नामुळे सेवेतून काढलेल्या लष्करी परिचर्या सेवेतील अधिकाऱ्याला 60 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यामुळे राजीनाम्याचा सल्ला तोंडी मिळाला, तर ‘हे मला लेखी कळवावे’ असे नम्रपणे म्हणावे. बहुतेक वेळा तो कागद येतच नाही. विभाग बदलण्याची खरोखर गरज असेल, तर ज्याच्याकडे सहीचा अधिकार आहे त्याने बदल स्वीकारावा. सरकारी नोकरीत आणि शाळांत बदल्यांच्या वेळी पती-पत्नी एकत्रीकरणाचा आधार मिळतो. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला वेळेत काढून सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी.

तुटल्यावर

ही पायरी सर्वांत कठीण आहे आणि तिची तयारी कोणीही आधी करत नाही. नाते संपले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याच मजल्यावर, कदाचित शेजारच्याच खुर्चीवर बसायचे असते. पहिल्या आठवड्यातच तीन गोष्टी कराव्यात. सर्व पासवर्ड बदलावेत. आधी नाते कळवले असेल, तर ते संपल्याचे एका ओळीत कळवावे; कारण देण्याची गरज नाही. आणि काही आठवडे तरी संपर्क कामाच्या मेलपुरता ठेवावा, शक्य तिथे गटप्रमुखाला प्रत देऊन. घाईने राजीनामा देऊ नये. शक्य असल्यास आठदहा दिवस रजा घ्यावी, गावी जाऊन यावे, आणि निर्णय त्यानंतर घ्यावा.

दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समजावून द्याव्या लागतात. पहिली, कालपर्यंत संमती होती म्हणून आज ती आहे असे ठरत नाही. समजूत घालण्यासाठी रात्री केलेले वीस फोन ज्याला प्रेम वाटतात, ते दुसऱ्या बाजूला नकोसे असतात. पूर्वीचे नाते होते एवढ्यावरून तक्रार निकाली निघत नाही. दुसरी, खाजगी फोटो आणि चित्रफिती कोणालाही दाखवू नयेत किंवा पाठवू नयेत. संमतीशिवाय अशी खाजगी छायाचित्रे प्रसारित करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे आणि त्यालाही 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

तुमच्याविरुद्ध तक्रार झाली आणि ती खोटी आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर तक्रारदाराला फोन करून ‘असे का केलेस’ विचारू नका; मित्रांनाही पाठवू नका. संदेश आणि मेल एकही न पुसता तारखेनुसार लावा आणि समितीपुढे ठेवा. चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि तिची माहिती बाहेर देण्यास दोन्ही बाजूंना मनाई आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. त्यासाठी दुष्ट हेतू स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो.

व्यवस्थापकांसाठी

तुमच्याकडे जोडपे आले, तर प्रथम ऐका आणि कळवल्याबद्दल त्यांचे आभार माना. ‘कधीपासून’, ‘लग्न करणार का’, ‘घरी माहीत आहे का’ हे प्रश्न तुमच्या कामाचे नाहीत. आईवडिलांना फोन करणे हे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. काळजीपोटी केलेल्या अशा एका फोननंतर एका मुलीला चार महिने घरात कोंडून ठेवल्याचे मी पाहिले आहे. कनिष्ठ व्यक्तीला एकदा एकटीने भेटून, तिची खरोखर संमती आहे का आणि तिला काही मदत हवी आहे का, एवढे शांतपणे विचारावे. तिथे वरिष्ठ उपस्थित नसावा.

त्यानंतर काम कागदाचे आहे. मूल्यमापन, रजा, प्रवासखर्च, बिले, बढतीची शिफारस आणि शिस्तभंगाची कारवाई, या प्रत्येकासमोर आता सही कोणाची असेल ते नाव घालून लिहावे आणि दोघांनाही त्याची प्रत द्यावी. भोसरीतल्या वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये दुसरा व्यवस्थापक नसतो. तिथे मालकाने त्या एका व्यक्तीची हजेरी आणि पगार स्वतःकडे घ्यावा. गटाला प्रेमप्रकरण सांगण्याची गरज नसते. ‘यापुढे हे मूल्यमापन अमुक करतील’ एवढी सूचना पुरते. माहिती किती जणांना आहे त्यांची नावे फाईलवर लिहून ठेवावीत, म्हणजे ती फुटली तर कोठून हे कळते. सहा महिन्यांनी सह्यांची यादी पुन्हा काढावी, कारण तोवर कोणाची तरी बदली झालेली असते, गट बदललेला असतो आणि जुनी सही नकळत आपल्या जागी परत आलेली असते.